एदोबेईची भूमिका, ओनिजीचा चेहरा

नभोवाणीवरून चित्राविषयी बोलायचे म्हणजे डोळ्यांचे काम कानांवर सोपवायचे. हे काम अवघड खरेच. तरीही आज मी एका चित्राविषयीच बोलणार आहे. कारण या चित्राची हकिकत जितकी चित्रकलेची तितकीच रंगभूमीचीही आहे, आणि नाटकाचा विषय निघाला की मराठी माणूस, मग तो गोव्यात असो, बेळगावात असो, इंदूर-बडोद्यात असो की हैदराबादेत असो, हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

तर आधी ते चित्र आपण मनातल्या मनात उभे करू. कागद फार मोठा नाही. उंची सुमारे ३८ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे २५. पार्श्वभूमीला ना घर, ना झाड, ना आकाश. सगळीकडे एकच काळसर करडा रंग, आणि कागद जरा तिरपा धरला की त्या काळोखातून मंद चकाकी उठते, कारण त्या रंगात अभ्रकाची पूड आहे. या काळोखातून एक पुरुष आपल्या डाव्या हाताच्या दिशेला तोंड काढून पुढे झेपावलेला दिसतो. कमरेखालचा भाग चित्रात नाहीच. मान पुढे ताणलेली, हनुवटी बाहेर आलेली, ओठ घट्ट मिटून कोपऱ्यांत खाली ओढलेले, भिवया वर चढलेल्या आणि डोळे बारीक, नाकाकडे वळलेले. अंगात पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र आहे. त्या वस्त्राच्या छातीवरच्या फटीतून दोन्ही हात बाहेर आले आहेत आणि दहाही बोटे फाकलेली आहेत. कोणाच्या तरी अंगावर झडप घालण्याच्या आधीचा हा क्षण आहे, हे सांगायला कोणी जाणकार लागत नाही.

नीट पाहणाऱ्याला मात्र एक गोष्ट खटकते. ते हात चेहऱ्याच्या मानाने फारच लहान आहेत. एवढ्या मोठ्या तोंडाच्या माणसाला असले हात असतील कसे? चित्रकाराला शरीररचना येत नव्हती, असे म्हणणारे निघाले; त्याने ते जाणूनबुजून केले, असे म्हणणारेही निघाले. या हातांकडे आपण शेवटी पुन्हा वळू.

हे चित्र १७९४ साली, जपानी पंचांगाच्या पाचव्या महिन्यात, एदो शहरात छापले गेले. एदो म्हणजे आजचे तोक्यो. १८६८ साली त्याचे नाव बदलले. चित्रकाराचे नाव तोशूसाई शाराकू. चित्रातला नट आहे तिसरा ओतानी ओनिजी. जपानी नटघराण्यांत पूर्वजाचे किंवा गुरूचे नाव पुढच्याने धारण करण्याची चाल असल्यामुळे ‘तिसरा’ म्हणायचे. आणि तो ज्या भूमिकेत आहे ती भूमिका याक्को एदोबेई याची. याक्को म्हणजे सामुराईच्या पदरचा हलक्या दर्जाचा चाकर.

नाटकाचे नाव ‘कोई न्योबो सोमेवाके ताझुना’. मूळ ते कळसूत्री बाहुल्यांच्या रंगभूमीसाठी १७५१ साली लिहिले गेले आणि नंतर काबुकी रंगभूमीवर आले. त्याचे कथानक गुंतागुंतीचे आहे. आपल्याला हवा तेवढाच धागा सांगतो. योसाकू नावाच्या एका सामुराईवर मोठी रक्कम सांभाळण्याची जबाबदारी असते. त्याच्या वाइटावर टपलेली मंडळी ती रक्कम लुटण्यासाठी एदोबेईला पाठवतात. रक्कम असते योसाकूच्या इप्पेई या प्रामाणिक सेवकाजवळ. एदोबेई त्याच्यावर चाल करून जातो, आणि पैसा हातचा जाताच योसाकूचे दैव फिरते. योसाकूची प्रिया शिगेनोई हिचीही पुढे मोठी दुर्दशा होते. एका राजकन्येची दाई म्हणून वावरत असताना तिच्यासमोर तिचाच मुलगा घोडेवाल्या पोराच्या वेशात येऊन उभा राहतो आणि तिला त्याला ‘माझा’ म्हणता येत नाही. मायलेकरांच्या ताटातुटीचा हा प्रवेश आजही काबुकीत केला जातो.

शाराकूने इप्पेईचेही चित्र काढले आहे. पहिला इचिकावा ओमेझो हा नट त्या भूमिकेत तलवार उपसत आहे. दोन्ही चित्रे शेजारी मांडली म्हणजे एकीकडे झेपावणारा चोर आणि दुसरीकडे शस्त्राला हात घातलेला सेवक, असा प्रवेश पुरा होतो. परंतु प्रत्येक चित्र सुटेही विकले जाई, आणि एकट्या एदोबेईचे चित्र घरी नेणाऱ्याला समोरचा माणूस आपल्या मनाने उभा करावा लागे. नाटक पाहून आलेल्याला ते सहज जमत असणार.

आता थोडे काबुकीविषयी सांगितले पाहिजे. सतराव्या शतकाच्या आरंभी, १६०३ च्या सुमारास, क्योतोमध्ये ओकुनी नावाच्या एका स्त्रीने नाच आणि सोंगे करून दाखवण्यास सुरुवात केली, तेथून या नाट्याचा उगम मानतात. म्हणजे ज्या रंगभूमीवर पुढे एकही स्त्री दिसेनाशी झाली, तिची सुरुवात एका स्त्रीने केली! १६२९ साली राज्यकर्त्यांनी नीतीच्या कारणावरून स्त्रियांना रंगभूमीवर बंदी केली. त्यांच्या जागी कोवळे तरुण आले. १६५२ साली त्यांच्याही नाटकांवर बंदी आली. तेव्हापासून प्रौढ पुरुषच सगळ्या भूमिका करू लागले. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटाला ‘ओन्नागाता’ म्हणतात, आणि ती एक वेगळी, आयुष्यभर जोपासण्याची विद्या बनली.

काबुकीच्या नाट्यगृहात प्रेक्षकांमधून जाणारी एक उंच वाट असते. तिला ‘हानामिची’, म्हणजे फुलांची वाट, म्हणतात. नट त्या वाटेने प्रेक्षकांच्या खांद्याला जवळजवळ लागूनच ये-जा करतो. भावना टिपेला पोहोचली की नट एकाएकी स्तब्ध होतो. डोळे फिरवतो, हातपाय एका पवित्र्यात गोठवतो, आणि त्याच क्षणी रंगमंचाच्या कडेला बसलेला माणूस लाकडी ठोकळे फळीवर आपटून त्या क्षणावर ठसका देतो. या पवित्र्याला ‘मिए’ म्हणतात. प्रेक्षकांतले दर्दी लोक याच क्षणी त्या नटाच्या घराण्याचे नाव घेऊन मोठ्याने साद घालतात. आपल्याकडे एखाद्या तानेवर ‘वाहवा’ उठावी किंवा वन्स मोअर पडावा, तसाच हा प्रकार. धावते नाटक येथे स्वतःच होऊन चित्र बनते. त्यामुळे काबुकी आणि चित्र यांचे नाते जुळले यात नवल नाही. नटच चित्रकाराला क्षण निवडून देत होता.

अशा चित्रांचा एदोमध्ये मोठा व्यापार चाले. या चित्रांना ‘उकियो-ए’ हे नाव आहे. ‘उकियो’ या शब्दाला जुन्या काळी दुःखमय, क्षणभंगुर संसार असा बौद्ध विचारातला अर्थ होता. पुढे शहरी लोकांनी त्याच उच्चाराच्या शब्दाला ‘तरंगते जग’ असा अर्थ दिला. आज आहे, उद्या नाही, तर मग आजच मजा लुटू या, असा त्यातला सूर. नाटकगृहे, नट, सुंदर स्त्रिया, पैलवान हे या चित्रांचे आवडते विषय. चित्र महाग नसे. दुकानदाराचा नोकरही ते घेऊ शके. आपल्याकडे राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढल्यावर राजवाड्यांतली चित्रे जशी चाळीतल्या भिंतींवर आली, तशीच ही घरोघर जाणारी कला होती. फरक एवढाच, की रविवर्म्यांची चित्रे दगडावरून यंत्राने छापली जात, आणि एदोची चित्रे लाकडावरून, केवळ हाताने.

ही छपाई कशी होई ते ऐकण्याजोगे आहे, कारण ‘शाराकूचे चित्र’ असे आपण म्हणतो खरे, पण ते एका माणसाचे काम नव्हेच. त्यात चौघांचा वाटा असे: प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा. प्रकाशक विषय ठरवी, पैसा घाली आणि विक्री पाही. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करी. ते रेखाटन तपासनिसाकडे मंजुरीसाठी जाई. शाराकूच्या चित्रांवर मंजुरीचा तो लहानसा गोल शिक्का दिसतो. मग कोरणारा ते रेखाटन डोंगरी चेरीच्या कठीण फळीवर पालथे चिकटवी आणि रेघा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढी. या कामात चित्रकाराच्या हातचे मूळ रेखाटन नाहीसे होऊन जाई. तेव्हा या चित्रांची ‘अस्सल’ प्रत कोणती, हा प्रश्नच उद्भवत नाही. छापलेली प्रत हीच अस्सल.

रेघांच्या पहिल्या ठशावरून काही प्रती काढून त्यांवर कोणत्या जागी कोणता रंग यायचा हे ठरे, आणि दर रंगाला एक असे वेगळे ठसे कोरले जात. कापडावर छापकाम करणाऱ्यांना हे लगेच समजेल, कारण तेथेही दर रंगाला वेगळा ठसा लागतो आणि एक ठसा केसभर सरकला तर फूल एकीकडे आणि रंग दुसरीकडे जातो. एदोच्या कारागिरांनी यावर सोपा उपाय काढला होता. प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात एक काटकोनी खाच आणि त्याच बाजूला एक सरळ खाच ठेवायची. कागदाचा कोपरा आणि कड त्या खाचांत बसवली की दहावा रंगही पहिल्या रेघेवर बिनचूक पडे. कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला, चिवट. पुन्हा पुन्हा दाबला तरी फाटत नसे. रंग पाण्यात कालवलेले. कागद ठशावर ठेवून पाठीमागून बांबूच्या पातीत गुंडाळलेल्या चपट्या गोल गादीने घासायचा, की झाला छाप. अशा पुऱ्या रंगांची छपाई १७६५ च्या सुमारास सुरू झाली, आणि तिला ‘निशिकी-ए’, म्हणजे किनखापी चित्र, असे नाव पडले.

आता शाराकूच्या प्रकाशकाकडे येऊ. त्याचे नाव त्सुताया जूझाबुरो. मोठा धाडसी आणि पारखी माणूस. एदोतले नामांकित लेखक आणि चित्रकार त्याच्या दुकानाशी जोडलेले होते. परंतु तो काळ कडक होता. मात्सुदाइरा सादानोबू या मुख्य कारभाऱ्याने १७८७ पासून १७९३ पर्यंत काटकसर आणि नीती यांचे कायदे जोराने अमलात आणले. १७९१ साली सांतो क्योदेन या लेखकाची काही पुस्तके नियमांबाहेरची ठरली. लेखकाला पन्नास दिवस हातकड्या घालून घरी बसवले, आणि प्रकाशक त्सुतायाची निम्मी मालमत्ता जप्त झाली.

नाटकगृहांचीही अवस्था बरी नव्हती. एदोत तीन मोठ्या नाटकगृहांनाच सरकारी परवाना असे. छपरावर मनोरा उभारण्याचा अधिकार ही त्या परवान्याची खूण. १७९३-९४ च्या सुमारास कर्जापायी ही तिन्ही बंद होती आणि त्यांच्या जागी राखीव परवान्यावरची तीन नाटकगृहे चालू होती. कावाराझाकी-झा हे त्यांतलेच एक, आणि ओनिजीचा एदोबेई तेथेच उभा राहिला. कर्जात बुडालेली नाटक कंपनी आणि तरीही रोज चेहऱ्याला रंग लावणारे नट, हे दृश्य मराठी रंगभूमीच्या चाहत्यांना परके वाटण्याचे कारण नाही.

अशा पडत्या काळात त्सुतायाने मोठी बाजी लावली. उतामारो या चित्रकाराने काढलेली सुंदर स्त्रियांची चित्रे, कमरेवरची, मोठ्या चेहऱ्याची, अभ्रकी पार्श्वभूमीची, त्याने आधी खपवली होती. तोच थाट नटांच्या चित्रांना द्यायचा असे त्याने ठरवले. आणि हे काम कोणाला दिले? ज्याचे नाव आधी कोणत्याच चित्रावर नव्हते अशा शाराकूला. पाचव्या महिन्याच्या नाटकांवरून एकदम अठ्ठावीस चित्रे बाहेर पडली, सगळी मोठ्या आकाराची, सगळी काळसर अभ्रकाची. आणखी आश्चर्य म्हणजे त्यांत केवळ नामांकित नट नव्हते. नाकाजिमा वादाएमोन आणि नाकामुरा कोनोझो या दुय्यम नटांची जोडी, एक हाडकुळा आणि एक गुबगुबीत, हीदेखील त्याच थाटात छापली गेली. खुद्द ओनिजीही त्या काळचा पहिल्या मानाचा नट नव्हता. एवढा मान छोट्या नटांना कोणी दिला नव्हता.

आणि मग? पुढच्या महिन्यांत शाराकूने आणखी चित्रे काढली. आता नट पुऱ्या उंचीचे दिसू लागले; पुढे कागद लहान झाला, अभ्रक गेले, रेघेतला जोरही ओसरला. १७९५ च्या पहिल्या महिन्यातल्या चित्रांनंतर शाराकू थांबला. जेमतेम दहा महिने, आणि एकशेचाळीसच्या वर चित्रे. त्यानंतर त्याची सही पुन्हा कोणत्याही नव्या छापील चित्रावर आली नाही.

असे का व्हावे? त्याच काळातला एक रसिक लेखक ओता नान्पो याने चित्रकारांविषयी टिपणे लिहून ठेवली. त्यात शाराकूबद्दल त्याने जे म्हटले आहे त्याचा मथितार्थ असा: नटांची हुबेहूब रूपे काढण्याच्या नादात त्याने ती फाजील खरी काढली, ती लोकांना रुचण्यासारखी नव्हती, म्हणून तो वर्ष-दोन वर्षांतच मागे पडला. थोडक्यात, खोटेपणाबद्दल नव्हे, खरेपणाबद्दल चित्रकाराला दोष मिळाला.

हा आरोप समजून घ्यायचा तर ओन्नागाता नटांच्या चित्रांकडे पाहिले पाहिजे. ज्या नाटकात ओनिजी एदोबेई झाला, त्याच नाटकात चौथा इवाई हान्शिरो हा नट शिगेनोईच्या भूमिकेत होता. शाराकूने त्याचे चित्र काढले. केशरचना स्त्रीची, वस्त्र स्त्रीचे, डोळ्यांत दाईची काळजी. पण चेहरा मात्र एका प्रौढ, भरल्या गालांच्या पुरुषाचा. इतर ओन्नागातांच्या चित्रांतही तेच. कोणाचे नाक राकट, कोणाचा जबडा रुंद. शाराकू भूमिका लपवत नाही आणि नटही लपवत नाही.

श्रोतेहो, येथे आपण क्षणभर आपल्या घरी येऊ. बालगंधर्वांना ‘मानापमाना’तल्या भामिनीच्या किंवा ‘एकच प्याला’तल्या सिंधूच्या भूमिकेत ज्यांनी पाहिले, त्यांच्या आठवणी आपण आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. त्या आठवणींत वय नाही, पुरुषाचा जबडा नाही, थकलेला गळा नाही. आहे ती फक्त भामिनी आणि सिंधू. समजा, त्या काळी एखाद्या चित्रकाराने शालू नेसलेल्या त्या नायिकेच्या चेहऱ्यावर पन्नाशीच्या पुरुषाच्या सुरकुत्या जशाच्या तशा काढल्या असत्या, तर ते चित्र कोणी दिवाणखान्यात लावले असते? चित्रकार खोटे बोलला असे कोणी म्हटले नसते; पण ‘हे काढायची काय गरज होती?’ असे मात्र सर्वांनीच विचारले असते. एदोच्या रसिकांचेही तसेच झाले असावे असे मला वाटते. नाटक पाहून घरी जाताना माणूस चित्र विकत घेतो ते स्वप्न लांबवण्यासाठी. शाराकू त्या स्वप्नाबरोबर स्वप्न पाडणारा माणूसही पुडीत बांधून देत होता.

त्याच १७९४ साली उतागावा तोयोकुनी या तरुण चित्रकाराने नटांची चित्रे काढायला घेतली होती. त्याचे नट रुबाबदार आणि देखणे. ज्यांना लोक रंगमंचावर पाहून आले होते तसेच. त्याची चित्रमाला यशस्वी झाली, त्याचे शिष्य वाढले, आणि पुढे निम्मेअधिक शतक नटांच्या चित्रांवर त्याच्याच घराण्याची सत्ता राहिली. तोयोकुनी लहान चित्रकार होता असे कोणी समजू नये. त्याने लोकांना जे हवे ते उत्तम हाताने दिले. त्सुताया मात्र १७९७ साली वारला.

शाराकू होता तरी कोण? यावर एवढे तर्क लढवले गेले की नामांकित चित्रकारांपैकी बहुतेकांवर ‘तूच शाराकू’ असा संशय घेऊन झाला. परंतु साइतो गेश्शिन याने १८४४ साली नान्पोच्या टिपणांत भर घालताना स्पष्ट लिहिले की शाराकूचे खरे नाव साइतो जूरोबेई. तो एदोतल्या हात्चोबोरी भागात राहणारा आणि आवाच्या संस्थानिकाच्या पदरी असलेला नो नाट्याचा नट होता. १९९७ साली कोशिगाया येथील एका बौद्ध मंदिराच्या नोंदवहीत या साइतो जूरोबेईच्या मृत्यूची नोंद सापडली: साल १८२०, वय अठ्ठावन्न. आज बहुतेक अभ्यासक हेच मत ग्राह्य धरतात.

हे खरे असेल तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. नो हे काबुकीहून जुने, दरबारी नाट्य. त्यातला मुख्य नट बहुधा लाकडी मुखवटा घालून उभा राहतो. ज्याचे आयुष्य मुखवट्यांच्या सहवासात गेले, त्याला उघड्या चेहऱ्यावर चढवलेली भूमिका आणि तिच्याखालचा माणूस यांतली फट दिसणार नाही तर कोणाला? योगायोग असा, की आपल्या याच नाटकात शिगेनोईचा बाप ताकेमुरा सादानोशिन हादेखील नो नटच दाखवला आहे, आणि मुलीच्या चुकीचे प्रायश्चित्त म्हणून तो स्वतःचा प्राण देतो. ती भूमिका इचिकावा एबिझो या वयोवृद्ध मानाच्या नटाने केली. शाराकूने काढलेले त्याचे चित्रही प्रसिद्ध आहे: हात एकमेकांत गुंतलेले, चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे, नजर वर. त्या चित्रात बापाचे दुःख किती आणि म्हाताऱ्या नटाचा दमलेला देह किती, हे वेगळे काढता येत नाही. आणि ते काढू नये, हेच बरे.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानचे दरवाजे परदेशी व्यापाराला उघडल्यावर ही ठसेचित्रे युरोप-अमेरिकेत गेली आणि तेथील चित्रकारांना त्यांनी वेड लावले. १९१० साली युलिउस कुर्त या जर्मन अभ्यासकाने शाराकूवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेव्हापासून दहा महिन्यांचा हा विसरलेला चित्रकार जगातल्या थोर व्यक्तिचित्रकारांत गणला जाऊ लागला. आज ओनिजीच्या या चित्राच्या प्रती तोक्योपासून न्यूयॉर्कपर्यंतच्या संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत. नाजूक रंग उजेडाने बिघडतात म्हणून त्या थोडेच दिवस बाहेर काढतात. २००८ साली ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावरील संग्रहालयात शाराकूच्या हाताने पंख्यावर रंगवलेले नटांचे एक चित्र आढळले, तेव्हा ती जगभरच्या रसिकांना मोठी बातमी झाली.

आणि ओनिजी? त्याच १७९४ सालच्या शेवटी त्याने नाकामुरा नाकाझो हे मोठ्या मानाचे नाव धारण केले. परंतु ते त्याला फार दिवस लाभले नाही. १७९६ साली तो वारला. त्याने अनेक भूमिका केल्या असतील, टाळ्या घेतल्या असतील. त्या सगळ्या विरून गेल्या. उरला तो एका दुय्यम खलपुरुषाच्या सोंगातला एक क्षण, आणि तोही त्याची खुशामत न करणाऱ्या माणसाच्या हातून.

आता त्या लहान हातांकडे परत येऊ. मला स्वतःला त्यांचा अर्थ असा लागतो. चेहरा एदोबेईचा आहे. क्रूर, हावरा, पुढे घुसणारा. पण हात फाकलेले असले तरी ते झडप घालणाऱ्याचे पंजे वाटत नाहीत. ते एका नटाचे हात वाटतात, शिकवलेल्या पवित्र्यात शिकवल्याप्रमाणे फाकवलेले. मोठे तोंड भीती घालते आणि लहान हात सांगतात की हे नाटक आहे. चित्रकाराचा हेतू हाच होता असा माझा आग्रह नाही. पण चित्रापुढे जरा वेळ थांबले की एदोबेई आणि ओनिजी हे दोघेही एकाच कागदावर दिसू लागतात, हा अनुभव मात्र पुष्कळांचा आहे.

आपण ज्या नटावर किंवा गायकावर जीव टाकतो, त्याच्या कलेइतकाच त्याचा थकलेला, वय झालेला, साधा माणूसही आपल्याला पाहवेल का? एदोच्या लोकांना तो फार काळ पाहवला नाही. त्यांना हसण्याचे कारण नाही. आपणही बहुधा तोयोकुनीचेच चित्र विकत घेतले असते. पण सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतर ओनिजी नावाचा माणूस जर कोणाला ओळखता येत असेल, तर तो त्याला देखणा करणाऱ्यांमुळे नव्हे. ज्याने त्याचे तोंड जसे होते तसे काढले, त्या दहा महिन्यांच्या चित्रकाराचे ते ऋण आहे.